विरजण लावलेला लेप

प्रिय धाकटे,

तुला आणि तुझ्या दुखऱ्या अंगठ्याला थोरलीचे आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. लेकीच्या घरी जेवण वेळेवर मिळतं, अक्कल मात्र न मागता मिळते.

परवा तिच्या प्रयोगशाळेत गेले होते. तिथे झाडपाल्याचे अर्क आणि बनवलेली रसायनं काचेच्या बशीतल्या जंतूंवर टाकून बघतात, कोण किती मारतं ते. मी आपला कडुनिंबाचा लेप पुढे केला. म्हटलं, होऊन जाऊ दे!

दुसऱ्या दिवशी रसायनाभोवतीचे जंतू साफ. ताज्या कडुनिंबाभोवतीही थोडी जागा रिकामी. आपल्या लेपाभोवती मात्र मेले फुकटची पंगत असल्यासारखे दाटीवाटीने बसलेले!

"आई, हे तुझ्या बरणीतूनच आलेत. जुना लेप नव्यात घालतेस ना?"

"मग? विरजण नको?"

"अगं, हे दही आहे का?"

सगळे फिदीफिदी हसले. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून शिव्या घातल्या नाहीत. फक्त बशी नीट धुतली नव्हती, एवढं सुनावलं.

अंगठ्याची सूज उतरली का गं? साखर किती आहे? मी दिलेली बरणी आजच फेकून दे आणि डॉक्टरकडे जा. गोळ्या देतील त्या मुकाट संपव. रसायनांवर माझा अजून विश्वास नाही. पण प्रयोगाला बश्या पुष्कळ आहेत, बहीण एकच.

मी लेकीचं ऐकलं, हे तिला फोनवर बोलू नकोस.

तुझं उत्तर येईपर्यंत घास गोड न लागणारी,
ताई