स्कुली नाटक बघायला आला होता

रेक्याविक, गुरुवार

लाडक्या आईला,

फोनवर तू रडली असतीस, म्हणून लिहून कळवते. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

माझं नवं नाटक लागलं. पहिल्या प्रयोगाला मी स्कुलीला मुद्दाम पुढच्या रांगेत बोलावलं होतं. आधीची सगळी नाटकं मी बहुधा याच एका नाटकासाठी हात बसावा म्हणून लिहिली.

त्यात बोटीचा मालक कप्तानाला दटावतो, "गळकी असली तरी आजच निघ, नाहीतर कायमचा घरी बस." स्कुलीचे हेच शब्द बाबांनी बोटीवर निघताना दारात तुला सांगितले होते. बोट बुडते आणि मालक गावभर सांगत सुटतो, की कप्तान प्यायला होता. आपल्या गावाहून आलेली मंडळी रंगमंच सोडून स्कुलीकडेच बघत होती.

नंतर त्याने मला गाठलं. "पोरी, मेलेल्यांना कशाला उकरतेस? मी म्हातारा झालो."

"बाबांना म्हातारं होता आलं नाही," मी म्हटलं. "पुढचा प्रयोग आपल्या गावात आहे."

तो मटकन खाली बसला. मला दया आली नाही, आई. यायला हवी होती का?

तुझा गुडघा कसा आहे? मेंढ्या डोंगरावरून उतरल्या का? स्कुलीची बायको चर्चमध्ये तुझ्या शेजारी गाते, तिच्याशी तू आता कशी बोलशील, एवढीच काळजी वाटते.

त्याच्या कारखान्यात मासे कापत तू इतकी वर्षं गप्प राहिलीस. प्रयोगाला पुढे बस, आणि तो आला तर त्याच्याकडे सरळ बघ.

तुझी आणि बाबांची,
स्टाइनवर