अठरा लग्नांची डिस्क

मिसराता,
१६ मार्च २०१४

मुफ्ताह,

सलाम. आई ठीक आहे, गुडघे तेवढे दुखतात. सफाक्समध्ये तुला धड जेवायला मिळतं का, असं तिने विचारायला सांगितलंय. विचारलं. आता माझं ऐक.

डिस्क चालते. चार टेराबाइटची डिस्क संगणक इतके दिवस दोनचीच दाखवत होता, आता पूर्ण चारची दाखवतो. मीलूदने काम चोख केलंय. जुन्या पद्धतीने आखलेली डिस्क दोनच्या पुढे मोजलीच जात नाही आणि नव्याने आखायची तर आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवावं लागतं, एवढं मलाही कळत होतं. म्हणूनच मी ती कुणाच्या हाती देत नव्हते.

आत अठरा लग्नं होती. बायकांच्या बाजूची. दारात सगळ्यांचे मोबाइल काढून घेतात, तेव्हा कुठे बायका डोक्यावरचं उतरवून नाचतात. कॅमेरा फक्त माझा असतो. झुहराचं शूटिंग कुठल्याही पुरुषाच्या नजरेला पडत नाही, या एका शब्दावर मला लोक घरात घेतात.

आणि मी मावशीच्या मयताला झ्लितेनला गेल्याची संधी साधून तू डिस्क उचलून मीलूदच्या दुकानात नेलीस. वर मलाच म्हणालास, "बघ, तुझं अडलेलं काम करून आणलं. निदान शाबास तरी म्हण." मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू बॅग भरून निघून गेलास.

काल आईला घेऊन मीलूदकडे गेले. चपलेनेच बोलणार होते. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, पोरांची शपथ, मी काही पाहिलं नाही. सगळं उतरत होतं तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. माझ्याकडची प्रत मी पुसलीसुद्धा. आत तुमचा भाऊ होता. तासभर, दार लावून."

कुणाचं लग्न पाहिलंस, हे आईलाही कळलं. हनानचं.

माझंही सांगते. तिच्या लग्नाच्या गुरुवारी तू विचारलंस, "आज कुणाकडे?" मी म्हटलं, ओळखीचे नाहीत. खोटं बोलले. ज्यांनी हनानसाठी घातलेली तुझी मागणी परत पाठवली, त्यांच्याच घरात मी कॅमेरा घेऊन उभी होते. तुला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. गावाने सांगितलंच. मी सांगितलं असतं तर तू भांडला असतास, चार दिवस जेवला नसतास, पण असा चोरासारखा वागला नसतास. माझी चूक मला मान्य आहे. तिच्याआड तू लपू नकोस.

आज सकाळी हनानकडे जाऊन सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "माझं लग्न पूस. माझ्यासमोर." पुसलं. मी निघाले तर दारात तिने हात धरला.

"शेवटपर्यंत पाहिलं त्याने?"

"माहीत नाही गं."

"शेवटी मी रडलेय," ती म्हणाली. "ते फक्त बायकांपुरतं होतं."

उद्यापासून उरलेल्या सतरा घरी जाणार आहे. तुझं नाव घेऊन सांगणार आहे. मला उत्तर लिहू नकोस. तिला तर मुळीच नको.

बहीण आहे, म्हणून एवढं तरी लिहिलं.

झुहरा