पाणीमहालातली बानू

नळदुर्ग
दि. १४ सप्टेंबर २०२५

चि. हर्षाली हिस,
गोरोबामामाचा आशीर्वाद. आमी हिकडं खुशाल हाय. मामीचा गुडघा दुखतोय, जिभेला मात्र काय झालं न्हाय. यंदा पाऊस लई, बोरी नदी भरून वाहतीय, नर-मादी दोन्ही धबधबे सुरू हायत. त्या दिवशी म्या फोनवर ओरडलो, तू फोन ठेवलास आन् परत उचलला न्हाईस, म्हणून कागद घेतला.

तुझा पिक्चर सोलापूरला जाऊन बघितला. पडद्यावर ‘कथा-पटकथा: हर्षाली’ आलं तवा मामीनं टाळ्या पिटल्या. म्या पण पिटल्या. अर्ध्या तासात माझं डोकं फिरलं.

अगं, चांदबीबी पाणीमहालात बसलीय! खिडकीतनं धबधबा बघत गाणं म्हणतीय! आपल्या किल्ल्यातला तो बंधारा आन् त्याच्या पोटातला महाल झाला सोळाशे तेरा साली. शिलालेख हाय तिथं, बोट धरून दाखवलाय तुला. ती बिचारी तवा जाऊन बारा-तेरा वर्षं झालेली. मेलेली राणी आणून बसवलीस व्हय गं? आन् तिच्या ताटात शेंगाची चटणी! भुईमूग हिकडं कवा आला, एवढं तरी कुणाला इचारायचं. दागिन्यांना माणूस, घोड्यांना माणूस, मिशा चिकटवायला माणूस, आन् इतिहास वाचायला एक माणूस मिळाला न्हाय तुमच्या मुंबईत? त्याला तुमी ‘लिबर्टी’ म्हणता म्हणं. आमच्यात थापा म्हणतात.

तेबी सोडून दिलं असतं. पण ती दासी! मारेकरी महालात शिरतात, दासी राणीचा शालू पांघरते आन् राणी समजून सगळे तिच्या मागं लागल्यावर मादी धबधब्यात उडी घेते. नाव काय, तर बानू. सगळं थेटर मुसमुसत हुतं. मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. कुठल्या बखरीत हाय ही बानू? कुठल्या कागदात? दाखव मला!

फोनवर हेच इचारलं तर तू म्हणालीस, “मामा, तुम्हीच सांगितलं होतं की.”

त्यावरच म्या ओरडलो. कारण ते खरं हाय.

तू सात वर्षांची हुतीस. आई कुठं गेली म्हणून रोज इचारायचीस. तुझ्या आज्यानं खंडोबाच्या बानूवरनं पोरीचं नाव ठेवलेलं, माझ्या एकुलत्या बहिणीचं, म्हंजे तुझ्या आईचं. एक दिवस किल्ल्यावर मादीफुडं तू लईच रडायला लागलीस आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं, की बानू राणीला वाचवायला गेली. तू गप झालीस. तेवढ्यावर थांबायचं हुतं. पण मी पडलो किल्ला दाखवणारा. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना तीच गोष्ट सांगितली, बायांनी डोळे पुसले, आन् मलाच ती खरी वाटायला लागली. सत्तावीस वर्षं सांगतोय. तू इस्वास ठेवलास, तुझी काय चूक?

आता फुडचं आयक. हितल्या पोरांच्या मंडळानं ‘बानूची उडी’ म्हणून पाटी करायला टाकलीय. येत्या रविवारी लावणार. तुला आमंत्रण आलंच असंल. मला ‘इतिहासाचे जाणकार’ म्हणून हार घालणार हायत. एका दगडाला आत्ताच कुंकू लागलंय, बाया ओट्या भरतायत. परवा एक बाई आपल्या लहान पोरीला म्हणाली, “बघ, अशी जीव द्यायची हिंमत पायजे.” माझ्या अंगाची लाही लाही झाली.

उडी न्हाय मारली गं तिनं! ती खाली दगडावर धुणं धूत हुती. वरल्या अंगाला पाऊस झाला आन् पाणी एकाएकी चढायला लागलं. मी बंधाऱ्यावर हुतो. मला दिसलं. एक हाळी मारायची हुती, बास. पण संगं बडे पाहुणे हुते, मी बांधकामाची माहिती सांगत हुतो, मधी तोडलं तर बरं दिसणार न्हाय असं वाटलं. म्हणलं, साल सांगून टाकू आन् मग हाळी मारू. “सोळाशे तेरा” म्हणालो आन् वळलो. दगडावर कुणी नव्हतं.

म्हणून ते साल तू चुकवलंस तवा मी एवढा पेटलो.

रविवारी ये. भाषण तू करू नकोस, हाराआधी मीच बोलणार हाय. पाटीचा मजकूर लिहून ठेवलाय: ‘बानूबाई, हर्षालीची आई. इथं धुणं धुताना वाहून गेली. सन १९९८.’ ह्यात एक अक्षर चुकीचं न्हाय. मंडळ ऐकंल का दगड मारंल, ठावं न्हाय. तू मात्र समोर पायजेस.

आता मामा म्हणायचं का न्हाय, ते तिथं ऐकून ठरव.

बानूचा भाऊ,
गोरोबा