पायाची पहिली पट्टी

पिंपळे गुरव,
भाद्रपद, १९५७

प्रिय अकबर,

मालोजी गेल्यावर तुझं पत्र आलं होतं. उत्तर द्यायला एवढे महिने लागले. अनेकदा लिहायला बसलो, पण धाकट्या भावाबद्दल काय लिहायचं ते सुचेना. आज दुसऱ्या विषयानं सुरुवात करतो, म्हणजे जमेल.

मालोजीचा सोपान आता तेरा वर्षांचा झाला. तू हुबळीच्या वर्कशॉपला गेलास तेव्हा तो तुझ्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हता. आता उंच झालाय, बापासारखाच किंचित तिरका धावतो. त्याला फुटबॉलच्या क्लबात घालायचं आहे, आणि कुठल्या क्लबात ते ठरवायचं माझ्यावर आलंय. त्याची आई अंबुबाई म्हणते, दादा, तुमी म्हनाल तसं, मला त्यातलं काय कळत न्हाई. मला तरी कुठं कळतं? मी कारखान्यात औषधाच्या बाटल्यांचा स्टोअर सांभाळणारा माणूस.

पिंपरीत एक नवा क्लब आहे. यंदा त्यांनी शील्ड जिंकली, बँड लावून मिरवणूक काढली. सोपान मिरवणुकीबरोबर पार स्टेशनपर्यंत गेला. तिथं पोरांना बूट देतात. मी त्याला घेऊन गेलो तर सेक्रेटरींनी चहा मागवला, सोपानच्या पोटऱ्या दाबून बघितल्या आणि म्हणाले, पोरगा दणकट आहे राव, येत्या रविवारीच मोठ्यांत उतरवू. सोपानचा चेहरा असा फुलला की मी होच म्हणणार होतो. पण भिंतीवर जुने फोटो होते. त्यातल्या लहान पोरांकडे बोट दाखवून मी विचारलं, ही आता कुठं खेळतात? सेक्रेटरी हसले. म्हणाले, अहो, दरवर्षी नवी येतात की!

घरी येताना मला मालोजीचा गुडघा आठवत होता. तोही सोपानएवढाच होता. खडकीच्या गुलजार मास्तरांनी तुम्हा दोघांनाही त्यांच्याकडे शिकायला बोलावलं होतं. तू गेलास. मालोजीला शील्डच्या मागं लागलेल्या दुसऱ्या एका क्लबानं नेलं, सुजलेल्या पायानं फायनल खेळवली. त्यानं दोन गोल केले, आपण त्याला उचलून आणलं आणि आई दारातच त्याची दृष्ट काढत बसली. बाविसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला. पुढं तो माझ्याशेजारी मैदानाच्या कडेला बसायचा आणि तू पळालास की त्याचा चांगला पाय जागच्या जागी हलायचा. तो कधी कुणाला दोष देत नव्हता. शेवटी ताप चढल्यावरसुद्धा पाय हलत होता. तेव्हा तो कुठल्या मॅचमध्ये होता कुणास ठाऊक.

गेल्या रविवारी सोपानला सायकलवर डबलसीट घेऊन दापोडीच्या पुलावरून खडकीला गेलो. मास्तर आहेत रे अजून! गॅरेज मुलाकडे दिलंय, पण मैदानावर येतात. तीच पद्धत. उजव्या पायाला चिंधी बांधायची आणि चेंडूला फक्त डावा पाय लावायचा. चिंधीचा पाय लागला की सगळी पोरं ओरडतात. मोठ्यांच्या सामन्यात सतरा वर्षांपर्यंत कुणाला उतरवत नाहीत. सोपान तोंड पाडून म्हणाला, तात्या, इथं तर बूटपण नाहीत.

मग उन्हं कलली, पोरं बाजूला झाली आणि मोठी माणसं खेळायला आली. बेकरीवाला सरदार, टक्कल पडलेला, पोट सुटलेला. मास्तर त्याच्यावर खेकसले, अरे सरदार, दाढी पिकली, मान वर करून खेळ म्हणून कधीचा सांगतोय! सरदार म्हणाला, मास्तर, यंदा शिकतोच बघा. सगळे हसले, सोपानही हसला. मग त्या पोटवाल्या सरदारनं डाव्या पायानं असा पास दिला की सोपान उठून उभाच राहिला. परतताना सायकलवर त्यानं मागून विचारलं, तात्या, हे लहानपणापासून इथंच आहेत? व्हय म्हटलं. पूल आला. मग म्हणाला, बूट नंतर घेऊ.

असं खडकीचं ठरलं. आता पत्र लिहिण्याचं खरं कारण सांगतो. मास्तरांचा रिवाज तुला माहीत आहे. नवं पोर दिवाळीच्या पाडव्याला मैदानात उतरतं आणि पहिल्या दिवशी त्याच्या घोट्याला पट्टी तिथलाच जुना खेळाडू बांधतो. मास्तरांनी विचारलं, याला कोण बांधणार? सरदार पुढं झाला होता. पण माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. मालोजी असता तरी त्यानं तुलाच बोलावलं असतं, स्वतः बांधली नसती. तुला रेल्वेचा पास मिळतो. आलास तर अंबुबाई तुझ्यासाठी बाजरीची भाकरी करील, आणि घरात मालोजीचं नाव घेणारं माझ्याशिवाय आणखी कुणी असेल. मी घेतलं की ती चुलीकडे तोंड फिरवते, म्हणून मीही हल्ली घेत नाही. मला पट्टी बांधता येत नाही, अकबर. तुम्ही दोघं खेळायचात तेव्हा मी तुमचे कपडे सांभाळत बसायचो. ये. या वेळीही सांभाळीन.

वाट पाहणारा, तुझाच,
ज्योतीराम