पेज प्रतिसाद देत नाही

३ जानेवारी
आजपासून कॉम्प्युटरची साफसफाई. हँग का होतो ते मी शोधून काढलंय. मनूचे टॅब. दिवाळीत माझ्याशी भांडून पुण्याला गेली, ती सगळे उघडे टाकून. संध्याकाळपर्यंत एकेक बंद करणार. लेकीशी बोलणं बंद आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.
सायंकाळी : पहिलाच टॅब गोठला. ‘पेज प्रतिसाद देत नाही. प्रतीक्षा करा की बाहेर पडा?’ प्रतीक्षा करा दाबलं. घाई कशाला?

५ जानेवारी
एकही टॅब बंद केला नाही. मुद्दाम. पाटबंधारे खात्यात असताना मी विचारल्याशिवाय एकही फाइल बंद केली नाही. विचारायचं कोणाला, हा प्रश्न आहे.

८ जानेवारी, सकाळ
विचित्र प्रकार. वीजबिलासाठी वरच्या पट्टीत ‘व’ टाइप केला. खाली आपोआप आलं : ‘वाकडमध्ये वन बीएचके भाड्याने’. वाकड तिकडं पुण्यात, मी हे शोधलेलं नाही. बायको, अनसूया, कॉम्प्युटरला फडक्याशिवाय हात लावत नाही. घरात तिसरं कोणी नाही.

११ जानेवारी
‘र’ टाइप केला. रेल्वेसाठी. खाली आलं : ‘रजिस्टर लग्नाला साक्षीदार किती लागतात’.
अंगावर काटा आला. भांडण याच लग्नावरून झालं होतं. मुलगा सम्यक, पिशोरचा. माझा जातीला विरोध नाही, हे मी तेव्हाच ओरडून सांगितलं होतं. मला आधी विचारायला हवं होतं, एवढंच. विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो, तो भाग वेगळा.
व्हायरस असणार. माणूस जिवंत असताना त्याचं भूत कसं होईल?

१३ जानेवारी
शेजारच्या अप्पारावांना दाखवलं. म्हणाले, साहेब, मशीनमधी कायतरी हाय, लई जपा. खुलताबादला दर्ग्यात जाऊन या, अडकलेलं सुटतं तिथं. मी म्हटलं, कॉम्प्युटर अडकलाय, मी नाही.
कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलाय. धुळीसाठी.

१६ जानेवारी
आज थोडा अभ्यास केला. ‘मुलगी रागावली तर वडिलांनी काय करावे’. अप्पारावांच्या मुलीसाठी शोधलं. त्यांना दोन मुलगेच आहेत, पण माहिती असलेली बरी.

१७ जानेवारी
बँकेसाठी ‘ब’ टाइप केला. खाली : ‘बाबांचं बीपी जास्त असेल तर काय जपावं’.
मशीनला माझं बीपी कसं कळलं? खुर्ची मागं सरकवून उठलो. भीती वाटली, लिहायला काय जातंय. त्याहून वाईट म्हणजे बरंही वाटलं.
बस झालं. उद्या याचा कायमचा बंदोबस्त.

१८ जानेवारी
विजय! सेटिंगमध्ये मनूच्या नावाखाली ‘साइन आउट’ सापडलं. दाबलं. नाव गेलं, टॅब गेले. मशीन भन्नाट पळतंय. या वयात हे स्वतःच्या अकलेवर केलं.

२० जानेवारी
‘व’ टाइप केला. वीजबिल. ‘ब’ टाइप केला. बँक. सगळं अगदी जिथल्या तिथं.
दिवसभर नुसती अक्षरं टाइप करून पाहिली. कोणीच नाही.

२१ जानेवारी
अनसूया रोज मनूशी फोनवर बोलते. हे मला माहीत नाही, असं आमचं दोघांचं ठरलेलं आहे. आज फोन ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. मनू विचारतेय, बाबांनी मला काढलं का?
मग अनसूयानं सगळं सांगितलं. कॉम्प्युटर मनूच्या खात्यावर चालत होता. ती तिथं जे शोधायची ते इथं दिसायचं. आणि मी इथं जे शोधायचो ते तिथं. सगळं. अप्पारावांच्या मुलीचं सुद्धा.
अनसूया म्हणाली, अहो, तिला पहिल्यापासून माहीत होतं. तेवढं एक जोडलेलं राहू दे म्हणाली होती.
जेवलो नाही. पोट बिघडलंय.

२२ जानेवारी
सकाळी पुन्हा साइन इन करायला बसलो. केवळ तांत्रिक प्रयोग म्हणून. पासवर्ड तिच्या दहावीच्या वेळी मीच ठेवलेला होता. तिनं बदललेला नाही.
पुढं आलं : ‘तुमच्या फोनवर “हो, मीच आहे” दाबा’. फोन तिचा. पुण्यात. पडद्यावर चाक फिरत राहिलं. अनसूया मागं खुर्चीला धरून उभी. ऑफिसात असेल, मी म्हटलं. झोपली असेल. नसेल दाबायचं तिला.
उघडलं.
हिस्ट्रीतून तिचे जुने टॅब मीच एकेक करून उघडले. मग ‘स’ टाइप केला. ‘स’चं माझं कुठलंच बिल नाही.
खाली आलं : ‘साक्षीदार म्हणून वडील चालतात का’.
चष्मा पुसला. ‘चालतात’ असं टाइप करून एंटर दाबलं.
हँग. पेज प्रतिसाद देत नाही.
प्रतीक्षा करा दाबलं.