टिकलीची खबर

साईनगर, अमरावती
९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप बाईस,
गजेंद्रचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. एसटी मूर्तिजापूरले बराच वेळ उभी होती, बाकी त्रास नाही. तुहा मोतीबिंदू निघाला, आता धाकट्या भावाचं थोबाड साफ दिसलं म्हणून घाबरली नाहीस ना? थेंब वेळेवर टाक. डॉक्टरांनी मले बजावून सांगितलं आहे, डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही. टीव्हीवरच्या मालिका पाहून रडत बसू नको.

टिकली निवांत निजली आहे. तिची काळजी करू नको.

सूनबाईले सांग, तिळाच्या पोळ्या मस्त होत्या. फोन करू नका. मले ऐकू येत नाही आणि मी उगाच हो हो करतो. पत्रच टाका.

आहे तसा जीव लावत राह्य.
तुहा धाकटा,
गजू

जठारपेठ, अकोला
१५ जानेवारी २०२५

चि. गजू यास,
बाईचे अनेक आशीर्वाद.

मी सांगून राहिली, सूनबाई साधना लिहून राहिली. तू जेवतो की नाही हे विचारायले साधनानं तुह्या शेजारच्या चंदाले फोन केला, तर चंदा रडायलेच लागली. टिकली गेली म्हणे, तू पोचला त्याच दिवशी सकाळी. आणि मले लिहितो, निवांत निजली! कावून रे? माह्या डोळ्याले जपलं? का बाई दारात कुत्रं उभं राहू देत नाही, तिले काय वाटणार, असं वाटलं?

तुही आशा वारल्यावर तुह्या घरात तुह्यासंगं कोण होतं, ते मले माहीत आहे. तू माह्या ऑपरेशनसाठी इकडं येऊन बसला आणि ते मुकं जनावर तिकडं गेलं. हे मले खाऊन राहिलं. एकट्यानं गिळू नको. सगळं लिही. डोळ्याचं मी पाहून घेईन.

माया आहेच, ती काही लिहून दाखवायची नसते.
बाई

अमरावती
२१ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप बाईस,
साष्टांग नमस्कार.

सगळं लिहितो. मी निघालो तेव्हापासून तिनं भाकरीले तोंड लावलं नाही. म्हातारी झालीच होती. चंदानं जनावरांच्या डॉक्टरले बोलावून सलाइन लावलं, चमच्यानं दूध पाजलं. मले फोन करून उपयोग नाही, आणि तुह्या घरी करावा तर तिकडं ऑपरेशन. तिनं केला नाही. तिची चूक नाही.

मी पिशवी घेऊन गल्लीत शिरलो तर चंदा फाटकाशी उभी. काहीतरी बोलली, मले समजलं नाही. मी कान पुढं केला. ती परत बोलली. शेवटी तिले ओरडावं लागलं, काका, टिकली गेली! बाई, सारी गल्ली बाहेर आली. माह्याआधी साऱ्याइले ऐकू गेलं होतं.

आशाच्या लुगड्यात गुंडाळली. सीताफळाखाली खड्डा मीच खोदला. चंदाच्या नवऱ्यानं कुदळ मागितली, मी दिली नाही. माती लोटायले लागलो, पण तिच्या तोंडावर लोटता येईना. शेवटी डोळे मिटून लोटली.

दोन दिवस जेवलो नाही, तर एकजण म्हणाला, कुत्र्यासाठी कोणी जेवण सोडते का? त्याले काय सांगू! फाटक वाजलं की ती येऊन माहा पायजमा ओढे. दूध उतू जायले लागलं की मले उठवून नेई. आता दूधवाला हाका मारून निघून जाते, आणि मी आतच बसून राहतो.

तुह्याकडं आलो नसतो तर, असं मनात येते. पण पट्टी काढताना तू माहा हात घट्ट धरला होता. तो सोडून कसा आलो असतो? दोन्ही खरं आहे, बाई.

तू रडू नको.
गजू

अकोला
२७ जानेवारी २०२५

चि. गजू यास आशीर्वाद.

तुहं पत्र मी स्वतः वाचलं. रडली. थेंब टाकले, परत रडली. साधना रागावली आणि मग तीही पदर तोंडाले लावून बसली.

दुसरं कुत्रं आण, असं मी म्हणणार नाही. देवाची मर्जी, असंही म्हणणार नाही. येत्या सोमवारी साधनासंगं येऊन राहिली. चार दिवस राहीन.

बाई

अमरावती
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप बाईस,
साष्टांग नमस्कार.

पोचल्याचं साधनाच्या हातचं कार्ड मिळालं. तू सीताफळाखाली बसली, त्या मातीवर हात ठेवून राहिली. काही बोलली नाहीस, ते बरं झालं. बोलली असती तर मले निम्मं ऐकू आलं नसतं, आणि निम्म्यानं भागलं नसतं.

तुले एक सांगायचं राहिलं. जेवताना भाकरीचा शेवटचा तुकडा हातात घेऊन मी अजून खाली वाकतो. पाटाजवळ कोणी नसते. मग तो तुकडा ताटातच ठेवून उठतो. इतके दिवस असंच चाललं होतं.

आज खाल्ला. गिळवत नव्हता, बाई. पण खाल्ला.

तुहा,
गजू