कोयती तांबडी झाली

पूर्णगड, ऑगस्ट २००३

प्रिय सावनी,

फोनवर तू मला नुसतं ‘हं’ म्हणतेस आणि आईशी तासभर बोलतेस, म्हणून लिहायला बसलो. सर्किटच्या पट्ट्या करणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यातून तांबं काढायचं, त्याचं मोरचूद करायचं आणि बागायतदारांना फवारणीला विकायचं, त्यासाठी तू आपला नारळ साठवायचा मांगर मागितलास. मी म्हटलं, कारखान्याची घाण माझ्या आवारात नको. तू त्यासाठी आणलेलं पिंप अंगणात तसंच टाकून ठाण्याला नोकरी धरलीस. खाण तशी माती, दुसरं काय!

पण तू नमुन्याला केलेल्या मोरचुदाच्या निळ्या खड्यांची बरणी खिडकीत राहिली ना. रोज चहा पिताना नजर तिथेच जायची. खरं सांगू? मला वाटत होतं, पोरीने कपड्यांची नीळ घालून बापाला बनवलंन. शेवटी राहवेना. एक खडा पाण्यात विरघळवला नि घासलेली कोयती त्यात बुडवली. फवाऱ्याचं मिश्रण आपण तसंच तपासतो, चुना कमी पडला की पातं तांबडं होतं. निळीने काही होत नाही. काढून बघतो तर पातं तांबडंलाल! असा ओरडलो की आई पळी घेऊनच धावली, तिला वाटलं फुरसं चावलं.

मग डोक्यात प्रकाश पडला. तू पिंपात मोडकं लोखंड टाकून तांबं खाली बसवतेस ते हेच की गो! उभा जन्म कोयती बुडवली आणि तो थर फडक्याने पुसून टाकला, हा येतो कुठून हे कधी मनातसुद्धा आलं नाही. आता झोप नाही. गंजकं लोखंड चालतं का? खाली बसलेल्या तांब्याचे पुन्हा निळे खडे कसे होतात? त्यात शिसं राहत नाही ना? तपासून घेतल्याशिवाय माझ्या पोफळींवर थेंब उडवणार नाही. आणि उरलेलं पाणी वहाळात सोडलंस तर तंगडं मोडीन.

मी हरलो असं समजून नाचू नकोस. मांगरातले नारळ पडवीत आणून टाकलेत, आई त्यावरून बडबडतेय. तुझं पिंप आत न्यायला गेलो तर दारातून जाईना, म्हणून चौकटच उपटून काढली. आता आत पाऊस येतोय. दार केवढं ठेवायचं, ते तू येऊन सांग.

तुझाच,
अप्पा